साडेसहा हजार मैल

सॅगिनॉ, मिशिगन
४ ऑक्टोबर १९९८

श्रीमती हाक्काला यांस,

तुमचा बोकड सुखरूप पोचला. इकडे जीटीओ गाडीला सगळे लाडानं बोकडच म्हणतात, तुमचा वेनही म्हणत असणार. मोठ्या पुलावर वाऱ्यानं ट्रेलर असा काही हलवला, की एरवी चर्चची पायरी न चढणारा मी चक्क देवाचं नाव घेत होतो. तुम्ही बांधून दिलेला वेलदोड्याचा गोड पाव डोरीननं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन दिवसांत फस्त केला. मला एक तुकडा मिळाला, तोही मागून.

तुम्ही निघताना विचारलं होतं, हिचं काय करणार? तेव्हा दोर बांधायच्या गडबडीत नीट सांगता आलं नाही. एकतीस वर्षं मी बस डेपोत मेकॅनिक होतो. निवृत्त झाल्यापासून डोरीनच्या पायात पायात येतो, म्हणून तिनंच मला गाडी घ्यायला लावली. आरशासारखी चकचकीत करून प्रदर्शनात दोरीच्या आत उभी करणारी मंडळी वेगळी. मला गाडी चालवायची आहे. जे चालतंय ते तसंच ठेवायचं, जे सडलंय तेवढं बदलायचं. तो हिरवा रंग जुना झालाय, पण मी त्याला हात लावणार नाही. मागच्या चाकांवरचा पत्रा मात्र गंजून पापडासारखा झालाय, तो कापावा लागेल.

एक विचारायचं होतं. तुम्ही म्हणालात, वेन गेल्यापासून, म्हणजे चौऱ्याहत्तरच्या जानेवारीपासून, गाडी कोठारातून हललीच नाही. नक्की ना? इंजिनात मला तसं दिसत नाही. तुमचा फोन लावला होता, पण तुम्ही तीनदा "कोण?" म्हणून ठेवून दिलात.

तुमचा,
क्लेटन मॅब्री


टॅपिओला, मिशिगन
१५ ऑक्टोबर १९९८

श्री. मॅब्री,

फोनवर मला धड ऐकू येत नाही. लिहीत जा.

पाव आवडला हे बरं झालं. तुमच्या बायकोला सांगा, वेलदोडे ताजे कुटायचे, डब्यातली पूड वापरायची नाही.

गाडीला कोणी हात लावला नाही, हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं ते खरं आहे. पण अर्धंच. बाकीचं अनोळखी माणसाला अंगणात उभं राहून कसं सांगणार? तुम्ही हसला असतात, किंवा गाडी न घेता परत गेला असतात.

वेन माझा एकुलता एक. चोवीस वर्षांचा होता. खाडीच्या बर्फावर मासे धरायला गेला, बर्फ फुटलं, तो सापडला नाही. त्या वसंतापासून शनिवारी तो यायचा. दर शनिवारी नाही, महिन्यातून एकदा, कधी दोनदा. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात उभं राहून पायांचे तुकडे पडायचे, म्हणून शनिवारी दुपारी मी जरा लवंडायची. आर्वो, माझे यजमान, बाहेर सॉनासाठी लाकडं फोडत असायचे. उठल्यावर मला आतून कळायचं, की आज आला होता. कोठारात जावं तर बॉनेट गरम. पेट्रोलचा वास. सीट पार मागे, त्याच्या लांब पायांना लागायची तशी. मी बॉनेटवर गाल टेकून उभी राहायची.

आर्वोला सांगितलं तर म्हणायचे, तुला भास होतात. शेवटी मोठ्या गावच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, मग बदलून दुसऱ्या दिल्या. पंच्याऐंशीपासून वेन यायचा थांबला. गोळ्यांनी पोराला हाकलून लावलं असं मला वाटायचं. पण आर्वो समोर बसून गोळी गिळायला लावायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्या दिवसापासून मी गोळ्या बंद केल्या. तरी तो आला नाही. आता मला म्हाताऱ्या माणसांच्या इमारतीत राहायला जायचंय, तिथे कोठार नाही, म्हणून गाडी विकली.

तुमच्याकडे तो येतो का, एवढंच कळवा. येत असेल तर तो माझ्यावर रागावलेला नाही. मला तेवढंच हवंय. वेडी म्हणायचं तर मनातल्या मनात म्हणा, मला सवय आहे.

ऐली हाक्काला


सॅगिनॉ
२ नोव्हेंबर १९९८

हाक्कालाबाई,

तुमचं पत्र आम्ही दोघांनी वाचलं आणि त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणी टीव्ही लावला नाही. डोरीन म्हणाली, "नुसतं 'अजून काही जाणवलं नाही' असं लिही आणि गप्प बस." मी चाळीस वर्षं तिचं ऐकत आलोय, पण या वेळी नाही ऐकलं. कारण मला वाटतं, माझ्याकडे चांगली बातमी आहे.

तुम्हाला भास होत नव्हते. बॉनेट खरंच गरम असायचं. गाडी खरंच कोणीतरी चालवत होतं.

गाडीच्या दाराच्या चौकटीवर ऑइल बदलल्याची चिठ्ठी चिकटवलेली असते. वेननं ऑइल बदललं डिसेंबर त्र्याहत्तरमध्ये, तेव्हाचा आकडा एकतीस हजार चारशे बारा. आज गाडीवर सदतीस हजार नऊशे आहेत. म्हणजे साडेसहा हजार मैल. आतलं ऑइल जुनं आहे, पण पंचवीस वर्षांचं नाही.

दुसरं म्हणजे सीट. सीट ज्या रुळावर पुढेमागे सरकते त्याला खाचा असतात. काल मी सीट काढली. सगळ्या खाचा गंजलेल्या, फक्त दोन घासून लख्ख झालेल्या. एक सगळ्यांत मागची. एक सगळ्यांत पुढची. कोणीतरी बुटकं माणूस सीट पुढे घ्यायचं, गाडी चालवायचं, आणि आणून लावली की सीट पुन्हा वेनच्या जागी सरकवायचं. किती वेळा केलं असेल म्हणजे लोखंड असं चमकायला लागेल.

तुमच्या ओट्यावर आर्वोंचा फोटो पाहिला होता, खुर्चीत बसलेला. लहानखुरा माणूस. बाई, ते तुमचे यजमानच. तुमची झोप लागली की पोराची गाडी काढून एक चक्कर मारायची, आणि बायकोसमोर तोंडातून अवाक्षर नाही. माझे वडीलही तसेच होते. धाकटा भाऊ गेला तर त्यांनी त्याचं नाव पुन्हा घेतलं नाही, पण त्याची टोपी मरेपर्यंत घालून हिंडले.

तुम्हाला वेडी ठरवायला नको होतं त्यांनी, ते चुकलंच. पण दुःख तुम्हा दोघांनाही होतं, एवढं तरी आता धरून ठेवा.

क्लेटन


टॅपिओला
१२ नोव्हेंबर १९९८

श्री. मॅब्री,

फोटोत आर्वो बसलेले आहेत ते उगीच नाही. एकसष्ट साली खाणीत त्यांचा डावा पाय घोट्याच्या वरपासून गेला. लाकडी पायानं ते चालायचे, लाकडं फोडायचे, छपरावरही चढायचे. पण क्लच दाबता येत नव्हता. प्रयत्न केला होता त्यांनी, आमचा जुना ट्रक कुंपणात घातला, आणि नंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. दुकान, डॉक्टर, लोकांची मयतं, सगळीकडे मीच घेऊन जायची. बारा वर्षांची असल्यापासून मी गाडी हाकतेय.

तेव्हा तुमची चांगली बातमी तुमच्याकडेच ठेवा. आर्वो नव्हते, मग दुसरं कोण येणार? आमच्या रस्त्यावर कुत्रं भुंकलं तरी चार घरांना कळतं. वेनच होता. तुमच्या खाचा मला सांगू नका. मेलेल्या माणसाला सीट कुठे लागते ते तुम्हाला काय ठाऊक?

रागाच्या भरात लिहितेय, पण आता लिहूनच टाकते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पाद्र्याला नाही, आर्वोलाही नाही. त्या दिवशी डलूथहून माझी बहीण येणार होती आणि मला ताज्या माशांचं कालवण करायचं होतं. वेन म्हणाला, "आई, नदीच्या तोंडाशी बर्फ बरोबर नाही." मी म्हणाले, "तुझा बाप चौदाव्या वर्षी खाणीत उतरला, आणि तुला बर्फाची भीती वाटते? बूट घालतोस की मीच जाऊ?" तो हसला आणि बूट घातले.

हे आर्वोला कळलं असतं तर त्यांनी माझं तोंड पाहिलं नसतं. बावीस वर्षं मी त्यांच्या समोर बसून जेवले आणि रोज घास गिळताना वाटायचं, आज कळेल. वेन येत होता तोवर मला धीर होता. रागावलेला पोर आईच्या दारात कशाला येईल?

आता कळलं ना, मी का विचारतेय?

ऐली हाक्काला


सॅगिनॉ
३ डिसेंबर १९९८

हाक्कालाबाई,

आधी माफी. पायाचं मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी शहाणपणा शिकवला. कानाला खडा. तुमच्या वेनबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते या घराबाहेर जाणार नाही.

कोण चालवत होतं यावर मी पुन्हा डोकं चालवणार नाही. पण एक गोष्ट सापडली आहे, ती तुमची आहे, म्हणून पाठवतोय.

या गाड्या दुरुस्त करणारे आम्ही सगळे एका बाबतीत वेडे असतो. कारखान्यात गाडी जोडताना तिच्यासोबत एक कागद फिरायचा, कुठलं इंजिन, कुठला रंग, असं सगळं लिहिलेला. काम झालं की कामगार तो मागच्या सीटच्या स्प्रिंगांत खुपसून द्यायचे. टाकायला लांब कोण जाणार? तो कागद सापडला की आम्हाला गाडीचा जन्मदाखला मिळाल्यासारखं होतं. तर काल मी मागची सीट उलटी केली. कागद मिळाला, उंदरांनी अर्धा खाल्लेला. पण त्याच्या शेजारी पावाची एक प्लास्टिकची पिशवी होती, सुतळीनं घट्ट बांधलेली, तिला उंदरांनी तोंड लावलेलं नाही. आत सहकारी भांडाराच्या कॅलेंडरची पानं, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेली. तारखा, मैलांचे आकडे, आणि बाकी सगळं तुमच्या फिनिश भाषेत. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. पण तारीख आणि मैल म्हटल्यावर मला वाटतं, ही आर्वोंनी ठेवलेली दुरुस्तीची टिपणं असणार. चालवता येत नसलं तरी निगा राखत होते.

मूळ पानंच पाठवतोय, त्यांचं हस्ताक्षर आहे, तुमच्याकडे असावं. कुठले प्लग घातले होते तेवढं त्यात असेल तर कळवा. घाई नाही.

नाताळच्या शुभेच्छा. डोरीननं वेलदोडे कुटले, खलबत्ता फोडला.

क्लेटन


सॅगिनॉ
२० जानेवारी १९९९

हाक्कालाबाई,

सात आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. तुमच्याकडे किती बर्फ पडतं ते ठाऊक आहे, टपालाला उशीर होत असेल असं रोज स्वतःला सांगतो. तुमच्या शेजाऱ्यांचा नंबर शोधून फोन केला. ते म्हणाले, चिमणीतून धूर येतो, म्हणजे आहेत.

काल रात्रीच्या जेवणाला मी सहज म्हणालो, ती टिपणं पाठवली तरी बाईंनी प्लगचं काही कळवलं नाही. डोरीननं काटा खाली ठेवला. "कसली टिपणं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "क्लेटन, त्या घरात माणसं तीन होती. एक उंच, तो गेला. एकाला क्लच दाबता येत नव्हता. मग बुटकं राहिलं कोण?"

मी म्हणालो, "त्या तर झोपलेल्या असायच्या."

"झोपेतच," ती म्हणाली. गाडी न्यायला आलो तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात, माझ्या कोपराला लागत होतात. एकतीस वर्षं मी बसचे बिघाड नुसते आवाजावरून ओळखले, आणि हे माझ्या नाकासमोर होतं.

ती पानं अजून वाचली नसतील तर वाचू नका. चुलीत घाला. आणि वाचली असतील तर काय म्हणायचं मला कळत नाही. मी तुमचं भलं करायला निघालो होतो, बाई. कागद न विचारता पाठवायला नको होते. डोरीन सोबत यायला तयार आहे, तुम्ही म्हणालात तर आम्ही उद्या निघतो.

परवा इंजिन सुरू झालं. एरवी याच्यावर मी दोन पानं लिहिली असती.

क्लेटन


टॅपिओला
२८ फेब्रुवारी १९९९

क्लेटन,

येऊ नका. मी बरी आहे. जेवते, झोपते, बर्फ सारते. तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं आलं त्याच दुपारी मी पानं वाचली. म्हणजे जानेवारीत तुम्ही वाचू नका म्हणालात तेव्हा उशीर झाला होता. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण मी ती पुन्हा पुन्हा वाचत होते. डोरीनला सांगा, ती हुशार आहे. मला स्वतःला वाचेपर्यंत सुचलं नव्हतं.

तुम्ही एवढं केलंत, तुम्हाला कळायला हवं. थोडं उतरवून देते. आर्वो बोलायचे कमी आणि लिहायचे त्याहून कमी, तेव्हा मी काही गाळतेय असं समजू नका.

'१६ मार्च १९७४. दुपारी ऐली पलंगावरून उठली आणि वेनची गाडी घेऊन गेली. हाक मारली, वळली नाही. अडीच तासांनी आली. अडतीस मैल. बूट ओले. येऊन परत पडली. उठल्यावर तिला काही आठवत नाही.'

'२३ मार्च. पुन्हा. शेजाऱ्याच्या ट्रकमधून मागे गेलो. खाडीच्या काठाशी गाडी लावून आत बसते. बर्फाकडे बघते. मग परत येते. नीट चालवते.'

'३० मार्च. किल्ली लपवली. ती चालत निघाली. पायात काही नाही, बर्फात. अर्ध्या मैलावर गाठली. किल्ली पुन्हा खिळ्याला लावली.'

'१३ एप्रिल. मला म्हणाली, वेन येऊन गेला. काय सांगू? भास होतात म्हणालो. तिला खरं कळलं तर ती स्वतःला जगू देणार नाही. सीट मागे केली. बूट पुसले. पेट्रोल शेजाऱ्याकडून आणून भरलं.'

अशी अकरा वर्षं, क्लेटन. लाकडी पायानं ते कोठारात जायचे, सीट मागे सरकवायचे, माझे बूट वाळवून दाराशी आणून ठेवायचे. ऑइल शेजाऱ्यानं बदललं. त्यालाही माहीत होतं. कुत्रं भुंकलं तरी कळतं असं मी लिहिलं होतं ना, सगळ्यांनाच माहीत होतं. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनाही. सोमवारी कोणी माझ्या डोळ्याला डोळा देत नसे, मला वाटायचं पोरगा गेला म्हणून.

पहिले दोन महिने मला आर्वोचा इतका राग आला, की त्यांचा फोटो मी कपाटात घातला. मला वेडी ठरवलं, गोळ्या घातल्या आणि स्वतः सगळं जाणून बसले. आणि वेनही गेला माझा. अकरा वर्षं जो येत होता तो कधी आलाच नव्हता. बॉनेटवर गाल ठेवून मी स्वतःचीच वाट बघत होते. हे सहन करायला मी फार म्हातारी आहे, असं वाटलं. तुमच्यावरही राग आला. लपवत नाही.

पण पानं संपली नव्हती. शेवटची बरीचशी मी भीतीनं वाचली नव्हती. ती मी गेल्या आठवड्यात वाचली. सत्त्याहत्तरपासून आर्वो माझ्यासोबत गाडीत बसायला लागले होते.

'८ ऑक्टोबर १९७७. आज शेजारी बसलो. तिला मी दिसतो की नाही, कळत नाही. खाडीवर पोचल्यावर पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, मीच त्याला पाठवलं. मी म्हणालो, मला माहीत आहे. त्या दिवशी वेन लाकडांपाशी थांबून मला सांगून गेला होता, आईनं टोमणा मारलाय, आता जावंच लागेल. हसत होता. मी म्हणालो होतो, जा, पण काठाकाठानं जा. मीही थांबवलं नाही. हे आज तिला सांगितलं. ती माझा हात धरून बसली. अंधारून यायला लागलं तेव्हा निघालो. घरी येऊन झोपली. उठली, कॉफी केली, माझ्याकडे बघितलं नाही. तिला आठवत नाही. पुन्हा गेलो की पुन्हा सांगेन.'

पुन्हा सांगितलं त्यांनी. पुढच्या पानांवर ते नुसतंच लिहितात: सांगितलं, हात धरला. सांगितलं, हात धरला. मी मोजलं, अकरा वेळा आहे. जागेपणी मला सांगायचा त्यांना धीर झाला नाही आणि मलाही झाला नाही. म्हणून आम्ही घरात समोरासमोर मुकाट जेवायचो. मी घाबरायची की त्यांना कळेल, आणि ते घाबरायचे की मला कळेल. मग डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, माझं जाणं थांबलं, आणि त्यांना मला सांगायला जागाच उरली नाही. शेवटच्या पानावर फक्त एवढंच आहे: 'ऐली आता शनिवारी झोपून राहते. मी बसतो तिच्यापाशी.'

वेन रागावला होता का, हे मला आता कळायचं नाही. हसत गेला, हे कळलं. आर्वो रागावले नव्हते.

प्लगचं त्यात काही नाही. गाडी तुमची आहे, चालवा, डोरीनला घेऊन कुठेतरी ऊन असेल तिकडे जा. मला दुसरं काही नको.

अकरा वेळा मी त्या माणसाचा हात धरला, क्लेटन. त्यानं मला माफ केलं आणि मी त्याला, दोघांनी एकाच गाडीत बसून, जिवंतपणी. लोक एवढ्यासाठी सगळा जन्म घालवतात आणि त्यांना ते मिळत नाही. मला मिळालं. मी रोज सकाळी ती पानं उघडून बसते, त्यांच्या हाताचा स्पर्श आठवून बघते, थंडी होती का, त्यांनी हातमोजे काढले होते का. मला एकदाही आठवत नाही.

ऐली